संगणकसमूहातील राखीव नोड आणि त्यांची परिभाषा : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

अनेक सर्व्हर एका जाळ्यात जोडून त्यांच्याकडून एकत्रितपणे काम करून घेण्याच्या रचनेस संगणकसमूह अथवा क्लस्टर म्हणतात. त्यातील प्रत्येक सर्व्हरला नोड ही संज्ञा आहे. कोणते काम कोणत्या नोडवर व केव्हा चालावे हे ठरविणारी आज्ञावली म्हणजे शेड्यूलर होय. समूहाची मूळ कल्पना सामायिकतेची आहे. ज्याला काम आहे त्याने ते रांगेत लावावे आणि जो नोड मोकळा होईल तो त्याला मिळावा, इतकी ती साधी आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक मोठ्या समूहांत काही नोड विशिष्ट व्यक्तींसाठी, विभागांसाठी अथवा विशिष्ट प्रकारच्या कामांसाठी बाजूला काढून ठेवलेले असतात. तांत्रिक दस्तऐवजांत हे बाजूला काढणे दोन-चार आज्ञांत सांगून संपविले जाते. वस्तुतः तो एक निवाडा असतो. कोणी थांबावे आणि कोणाला थांबावे लागू नये, याचा.

प्रस्तुत लेखात या विषयावरील तीन संहितांचे वाचन केले आहे. पहिली, कुबरनेटीस या प्रणालीच्या अधिकृत दस्तऐवजांतील 'टेंट' व 'टॉलरेशन' यांविषयीचे प्रकरण. दुसरी, स्लर्म या शेड्यूलरच्या दस्तऐवजांतील 'रिझर्वेशन'विषयक मार्गदर्शिका. आणि तिसरी, गूगलच्या बोर्ग या प्रणालीवर अभिषेक वर्मा व सहकाऱ्यांनी २०१५ च्या युरोसिस परिषदेत सादर केलेला शोधनिबंध. या संहिता आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी आहेत आणि साहित्यकृती म्हणून त्यांचे मूल्यमापन करण्याचा हेतू नाही. परंतु ज्या संहितेच्या आधारे माणसांचे तास आणि दिवस वाटले जातात तिची भाषा तपासणे हे भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

एक शब्दयोजना आरंभीच स्पष्ट करावयास हवी. 'रिझर्व्ह' या शब्दासाठी मराठीत 'आरक्षित' हा शब्द सहज सुचतो. येथे तो जाणीवपूर्वक टाळला आहे. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात काढलेल्या आज्ञेपासून महाराष्ट्रात 'आरक्षण' या शब्दाला जो अर्थ आला, तो दाराबाहेर ठेवल्या गेलेल्यांना आत आणण्याचा आहे. नोड बाजूला काढण्याची दिशा बहुधा याच्या उलट असते. ज्याने पैसे भरले, ज्याचा प्रकल्प मोठा, ज्याचे काम अत्यावश्यक ठरले, त्याच्यासाठी इतरांना बाहेर ठेवले जाते. एकाच शब्दाने दोन्ही गोष्टी सांगितल्यास दुसरीला पहिलीची नैतिक प्रतिष्ठा आयती मिळते. म्हणून येथे 'राखीव' हा जुना, कुरणांचा आणि वनांचा शब्द वापरला आहे.

डाग आणि मुभा

कुबरनेटीस ही प्रणाली गूगलने २०१४ मध्ये खुली केली आणि जुलै २०१५ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. नोड राखून ठेवण्यासाठी तिच्यात योजलेल्या युक्तीचे नाव 'टेंट' असे आहे. शब्दशः अर्थ डाग, कलंक अथवा दूषितपणा. एखाद्या नोडला असा डाग लावला की कोणतेही सामान्य काम, म्हणजे त्या प्रणालीच्या भाषेत 'पॉड', तेथे पाठविले जात नाही. ज्या पॉडच्या वर्णनपत्रात त्या डागाविषयी 'टॉलरेशन', म्हणजे सहन करण्याची तयारी, लिहिलेली असते त्यालाच तेथे प्रवेश मिळू शकतो. डागाचे तीन प्रकार आहेत. एक नव्या पॉडला मज्जाव करतो, दुसरा शक्यतो टाळावे एवढेच सुचवितो आणि तिसरा तर आधीपासून तेथे चालू असलेल्या पॉडनाही बाहेर काढतो.

मराठी वाचकाला ही परिभाषा वाचताना प्रथम धक्का बसतो आणि नंतर एक विसंगती लक्षात येते. आपल्याकडे विटाळ ज्याला लागला त्याला दूर ठेवले जाई. येथे डाग लागतो तो बहुधा समूहातील सर्वांत महागड्या नोडला, ज्यात ग्राफिक्स प्रोसेसर बसविलेले आहेत त्याला, किंवा ज्यावरून सबंध समूहाचे नियंत्रण चालते त्या मुख्य नोडला. कुबरनेटीसचा समूह 'क्यूबॲडम' या नेहमीच्या साधनाने उभारला तर नियंत्रक नोडला असा डाग आपोआप लागतो. म्हणजे येथे ज्याला डागाळलेला म्हटले आहे तो खरे पाहता सोवळ्यात आहे. त्याला शिवायचे नाही ते तो मलिन आहे म्हणून नव्हे. त्याला जपायचे आहे म्हणून. सोवळे आणि विटाळ या एकाच निर्बंधाच्या दोन बाजू आहेत हे आपल्या समाजाला अनुभवाने ठाऊक आहे. त्या अनुभवाच्या आधारे असे म्हणता येईल की, या शब्दाने निर्बंध घालणारा हात दृष्टीआड होतो. नोडमध्येच काही दोष आहे आणि इतर कामे तो सहन करू शकत नाहीत, असे चित्र उभे राहते. कोणीतरी, एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट गटासाठी तो राखला, हे वाक्य दस्तऐवजाच्या व्याकरणातच बसत नाही.

या संहितेच्या कर्त्यांना शब्दांचे वजन कळत नाही असेही नाही. नियंत्रक नोडसाठी आधी 'मास्टर' हा शब्द होता. गुलामगिरीच्या इतिहासाशी असलेल्या त्याच्या संबंधामुळे तो टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आला आणि २०२२ मधील आवृत्त्यांत त्या नावाची खूणपट्टी व डाग दोन्ही काढून टाकण्यात आले. 'टेंट' मात्र राहिला. प्राधान्याच्या कामासाठी जागा करताना ज्या पॉडना हटविले जाते त्यांना दस्तऐवजात आजही 'व्हिक्टिम', म्हणजे बळी, म्हटले आहे. हा शब्द कठोर असला तरी प्रस्तुत लेखकाला तो 'टेंट'पेक्षा प्रामाणिक वाटतो. निदान कोणाचे तरी काही गेले, हे तो लपवीत नाही.

भाषेइतकाच महत्त्वाचा दोष युक्तीच्या घडणीत आहे. टॉलरेशन ही केवळ मुभा आहे. ती बंधन नव्हे. ज्या गटासाठी नोड राखला त्या गटाच्या पॉडला तेथे जाण्याची परवानगी मिळते, पण तेथेच जाण्याची सक्ती होत नाही. परिणामी राखीव गटाचे काम सामायिक नोडवरही जाऊन बसू शकते. राखलेला नोड रिकामा आणि सर्वांच्या नोडवर पुन्हा त्याच गटाचे काम, अशी दुहेरी व्याप्ती त्यातून संभवते. दस्तऐवज हे मान्य करतो. गटाने राखीव नोडच वापरावेत अशी इच्छा असल्यास नोडला खूणपट्टी लावून 'नोड ॲफिनिटी'ची अटही घालावी, असे तो सांगतो. परंतु हे सांगणे जोडवाक्यासारखे शेवटी येते. इतरांना बाहेर ठेवणे ही मुख्य कृती आणि आपल्यांनी आपल्या हद्दीत राहणे ही ऐच्छिक पुरवणी, असा क्रम त्यातून ठरतो. कुंपण घालणाऱ्याने स्वतःची गुरेही कुंपणातच ठेवावीत, ही अपेक्षा गावात कोणी पुरवणीत लिहीत नाही.

शिवाय टॉलरेशन पॉडचा कर्ता स्वतःच लिहितो. 'मला हा डाग चालतो' असे कोणीही म्हणू शकतो. किंबहुना एका लहानशा लेखनयुक्तीने सर्वच डाग चालतात असेही म्हणता येते. हे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तपासण्यासाठी प्रवेशनियंत्रकाची वेगळी व्यवस्था लावावी लागते. तशी नसेल तर हा राखीवपणा भिडस्तांपुरताच उरतो. ज्याला नियम ठाऊक आहे पण मोडवत नाही तो रांगेत थांबतो. ज्याला मोडवतो तो आत जातो.

नाव, कारण आणि मुदत

स्लर्म हा शेड्यूलर अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत या शतकाच्या आरंभी आकारास आला. आज विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्या महासंगणकांवर त्याचा मोठा प्रसार आहे. आपल्याकडील परम मालिकेतील यंत्रांवर काम केलेल्यांनाही तो परिचित असेल. त्यात नोड राखण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत. नोडचा कायमचा गट पाडून, म्हणजे 'पार्टिशन' करून, तो ठरावीक खात्यांना खुला ठेवता येतो. आणि 'रिझर्वेशन' करून ठरावीक काळापुरते नोड ठरावीक वापरकर्त्यांच्या नावे करता येतात.

यांतील दुसरा मार्ग प्रस्तुत लेखकाला अधिक विचारार्ह वाटतो. त्यात राखण्याची कृती सांगताना आरंभाची वेळ, कालावधी अथवा समाप्ती, आणि वापरकर्त्यांची वा खात्यांची नावे लिहावी लागतात. ही नावे शेड्यूलर स्वतः तपासतो. कोणी केवळ आपल्याला चालते म्हणून आत शिरू शकत नाही. दररोज, दर आठवड्याला किंवा फक्त कामाच्या दिवशी पुन्हा होणारे रिझर्वेशनही करता येते. महाविद्यालयीन अध्यापकांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. प्रात्यक्षिकाची तासिका मंगळवारी अकरा ते एक असेल, तर तेवढ्या दोन तासांपुरते चार नोड वर्गाच्या नावे राहतात आणि एक वाजता ते पुन्हा सर्वांचे होतात. तीस विद्यार्थी पडद्याकडे पाहत बसले आहेत आणि त्यांचे काम कोणा संशोधकाच्या तीन दिवस चालणाऱ्या गणनेमागे अडकले आहे, हा प्रसंग त्यामुळे टळतो.

याला किंमत आहे. अकरा वाजता नोड मोकळा हवा असेल, तर अकराच्या पुढे चालेल असे काम त्यावर नऊ वाजताच ठेवता येत नाही. ती दोन तासांची पोकळी भरण्यासाठी 'बॅकफिल' नावाची पद्धत वापरतात. मागे उभे असलेले लहान काम पुढच्या मोठ्या कामाला उशीर न करता मध्येच बसवून घ्यायचे, ही तिची कल्पना अरगॉन प्रयोगशाळेतील डेव्हिड लिफ्का यांनी १९९५ मध्ये आयबीएमच्या एका यंत्रासाठी प्रत्यक्षात आणली. ती चालण्यासाठी प्रत्येकाने आपले काम किती वेळ घेईल हे आधी सांगावे लागते. वेळ संपताच काम बंद पाडले जात असल्यामुळे लोक अंदाज फुगवून सांगतात आणि मग लहान पोकळीत बसणारी कामेही मोठी दिसू लागतात. अविश्वासाचा हा छोटासा कर सर्वच रांगांना भरावा लागतो.

तथापि स्लर्ममध्येही मुदत अमर्याद ठेवता येते, आणि पार्टिशनला तर मुदतच नसते. कुबरनेटीसच्या डागात तो अमुक तारखेस आपोआप पुसला जाईल, असे लिहिण्याची सोय नाही. अशा कायमच्या राखणीचा अनुभव प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या लघुप्रबंधाच्या वेळी घेतला आहे. मराठी मजकुरातील शब्दांची वारंवारिता काढण्याचे काम होते. ज्या संस्थेच्या समूहावर ते करण्याची परवानगी मिळाली तेथील नोडपैकी दोन एका प्रकल्पासाठी राखलेले होते. काही तासांचे काम आठवडाभर रांगेत राहिले आणि त्या काळात ते दोन्ही नोड रिकामे दिसत होते. चौकशीअंती कळले की तो प्रकल्प संपून वर्ष उलटले होते. राखणारे गृहस्थ बदलून गेले होते आणि राखीवपणा काढावा की नाही हे सांगणारा कागद कोणापाशीही नव्हता. कोणाचा वाईट हेतू नव्हता. एस.टी.च्या खिडकीतून टाकलेला रुमाल तेवढा आसनावर पडून होता, आणि रुमालाचा धनी गाडीत चढलाच नव्हता.

मोकळ्या नोडचा हिशेब

राखीव नोड रिकामा असताना त्याचे काय करायचे, हा या विषयातील सर्वांत कळीचा प्रश्न होय. बोर्गवरील निबंधाचे महत्त्व असे की, त्याने या प्रश्नाला आकडे दिले. गूगलच्या समूहांत, म्हणजे त्यांच्या भाषेत 'सेल'मध्ये, वापरकर्त्यांना तत्काळ उत्तर देणारी 'प्रॉड' कामे आणि सावकाश चालली तरी भागणारी कामे एकाच यंत्रांवर चालविली जात. ती वेगळ्या यंत्रांवर ठेवली असती तर किती यंत्रे लागली असती, हे लेखकांनी उलट्या बाजूने मोजले. प्रत्यक्ष सेलची प्रतिकृती घेऊन, कामे बसेनाशी होईपर्यंत एकेक यंत्र कमी करीत गेले. दोन प्रकार विभक्त केल्यास मध्यम सेलमध्ये २० ते ३० टक्के अधिक यंत्रे लागतील, असे त्यांना आढळले. याचे कारणही निबंधात आहे. प्रॉड कामे क्वचित येणाऱ्या गर्दीच्या तयारीने मोठी जागा धरून ठेवतात आणि बहुतेक वेळ ती वापरीत नाहीत. धरलेली परंतु न वापरलेली ही जागा बोर्ग दुय्यम कामांना देई, आणि एकूण कामाचा सुमारे पाचवा हिस्सा अशा परत मिळविलेल्या जागेत चाले.

दुसरी बाजूही त्यांनी मांडली. शेजारी दुसरे काम चालू असले की आपले काम मंदावते, ही नोड राखू इच्छिणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. सामायिक सेलमध्ये प्रोसेसरची कार्यक्षमता राखीव सेलच्या तुलनेत सुमारे ३ टक्के कमी आढळली. मात्र निरनिराळ्या सेलमध्ये कामेच निरनिराळी असतील, या शंकेने त्यांनी प्रत्येक यंत्रावर सारखीच चालणारी 'बोर्गलेट' ही प्रक्रियाही तपासली, तेव्हा ती राखीव सेलमध्ये १.१९ पट वेगाने चालत असल्याचे दिसले. म्हणजे तक्रार निराधार नाही. तरीही २० ते ३० टक्के यंत्रांच्या तुलनेत सामायिकतेचा तोटा परवडणारा आहे, असा त्यांचा निर्णय होता. गूगलच्या आकारमानाला लागू पडलेला हा निर्णय आठ नोडच्या समूहाला जसाच्या तसा लागू पडेल असे म्हणता येणार नाही. परंतु एका गोष्टीत तो आदर्श आहे. राखण्याची मागणी आणि न राखण्याची किंमत एकाच पृष्ठावर, मोजून, मांडली आहे. इतर दोन संहितांत राखावे कसे हे सापडते. राखल्याने काय जाते हे सापडत नाही.

अमेरिकन विद्यापीठांतील तथाकथित 'काँडो' समूहांनी याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. तेथे प्राध्यापक आपल्या अनुदानातून नोड विकत घेऊन सामायिक समूहात बसवितात. नोडवर पहिला हक्क त्यांचा. ते वापरीत नसताना इतरांनी वापरावा. पर्ड्यू विद्यापीठाने अशा मोकळ्या नोडसाठी 'स्टँडबाय' रांग ठेवली आणि तीत कामाला कमाल चार तासांची मर्यादा घातली. स्टॅनफर्डच्या शेरलॉक समूहात अशा विभागाचे नावच 'ओनर्स' असे आहे. मूळ मालकाने नोड मागताच तेथील पाहुण्याचे काम बंद पाडले जाते. आपल्या एस.टी.त महिलांसाठी राखीव आसनावर कोणी पुरुष बसतो आणि बाई आल्यावर उठतो, त्यासारखीच ही रीत. फरक इतकाच की, आसनावरून उठलेल्या माणसाचा तोवरचा प्रवास वाया जात नाही. बंद पाडलेल्या गणनेने आपली स्थिती वेळोवेळी जतन करून ठेवली नसेल, तर तिचा सगळा प्रवास वाया जातो आणि तिला पहिल्या थांब्यापासून निघावे लागते. म्हणून मोकळा नोड वापरू देणे ही सवलत ज्याला मधूनमधून जतन करणारी आज्ञावली लिहिता येते त्यालाच खऱ्या अर्थाने मिळते. नवख्या विद्यार्थ्याला ती कागदावरच मिळते. येथे अध्यापकाचे काम सुरू होते, आणि दस्तऐवजात त्याची दखल नसणे हे समजण्यासारखे आहे.

कामासाठी राखणे आणि माणसासाठी राखणे

आतापर्यंतच्या विवेचनावरून राखीवपणाच अनुचित आहे असा समज होऊ नये. काही कामांचे स्वरूपच असे असते की, त्यांना थांबविणे म्हणजे ती निरर्थक करणे होय. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा तयार झाला तर त्याचा उपयोग नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा 'प्रत्युष' आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा 'अर्क' हे महासंगणक हवामान व वातावरणाच्या अभ्यासासाठीच राष्ट्राला समर्पित झाले. नोएडा येथील 'अरुणिका'सह ही जी व्यवस्था उभारली तीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांसाठी १.९ पेटाफ्लॉपचे स्वतंत्र यंत्रही आहे. हा सबंध यंत्रांच्या पातळीवरील राखीवपणा आहे. त्याचे कारण उघड आहे आणि शेतकऱ्यापासून कोळ्यापर्यंत कोणालाही ते समजावून सांगता येते.

ग्राफिक्स प्रोसेसर असलेल्या नोडचेही असेच आहे. ज्या कामाला तो प्रोसेसर वापरायचाच नाही त्याने तेथे जागा अडवू नये, हे न्याय्य आहे. कुबरनेटीसमध्ये यासाठी एक चांगली सोय आहे. पॉडने तो प्रोसेसर मागितला असेल तर आवश्यक टॉलरेशन त्याला आपोआप जोडता येते. येथे कोण विचारतो आहे हे पाहिले जात नाही, काय हवे आहे हे पाहिले जाते. डागाचा हा उपयोग आणि एखाद्या गटाच्या नावे नोड अडविण्याचा उपयोग, दोन्ही दस्तऐवजात एकामागोमाग एक, समान दर्जाची उदाहरणे म्हणून येतात. त्यांतील अंतर त्या संहितेला जाणवत नाही, हा तिच्यावरील प्रस्तुत लेखकाचा मुख्य आक्षेप आहे. पहिल्या उदाहरणात नियमाचे कारण कामातच असते आणि काम पाहून ते पडताळता येते. दुसऱ्यात कारण बाहेर कुठेतरी, अनुदानपत्रात, बैठकीच्या इतिवृत्तात अथवा केवळ कोणाच्या शब्दात असते. ते नोडवर कोठेच लिहिलेले नसते.

हा प्रश्न आता महाविद्यालयांच्याही दारात आला आहे. एखाद्या विभागाला अनुदानातून एक-दोन चांगले सर्व्हर मिळतात. संगणकशास्त्राला ते हवे असतात, संख्याशास्त्राला हवे असतात आणि अलीकडे भाषाविभागांनाही हवे असतात. मराठी मजकुरावर काम करावयाचे तर आता गणनशक्तीवाचून भागत नाही. प्रस्तुत लेखकाने पदव्युत्तर वर्गास हा विषय समजावून देताना 'टेंट'साठी 'अटकाव', 'टॉलरेशन'साठी 'मुभा' आणि प्राधान्याच्या कामासाठी दुसऱ्याला हटविण्यासाठी 'उठवणे' हे शब्द वापरून पाहिले. 'अटकाव' म्हटल्याबरोबर वर्गातून पहिला प्रश्न आला तो 'कोणी केला?' असा, आणि त्यापाठोपाठ 'कधीपर्यंत?' असा. 'टेंट' हा शब्द फळ्यावर असताना हे दोन्ही प्रश्न कोणी विचारले नव्हते.